अंतर बरोबर, वेग खोटा : जुन्या बुलेटच्या सुस्त काट्याचं प्रकरण

गाडी १९७४ची बुलेट ३५०, मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातली. मालक विदर्भातल्या आर्वी तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त गुरुजी. शाळा सुटली, गाडी सुटली नाही. आजही सकाळी शेतात, आठवड्याला आर्वीच्या बाजारात आणि कापूस निघाला की जिनिंगपर्यंत तीच. तक्रार एका वाक्यातली होती : स्पीडोमीटरचा काटा उशिरा उठतो, कमी दाखवतो आणि गाडी थांबली तरी खाली यायला तयार नसतो.

चाकाचे फेरे मीटरपर्यंत नेणारी केबल मिस्त्रीनं आधीच बदलली होती. "केबल मीच नवी टाकली भाऊ, ग्रीसबी पोटभर भरलं. तरी काटा तसाच." गुरुजींचा पुतण्या नवं मीटर बसवा म्हणत होता. गुरुजींचं म्हणणं वेगळं : "नवं मीटर लावून टाक म्हणते पोट्टं. मले हेच पाह्यजे. याच्यातले आकडे माह्याच हातानं फिरले हाये."

मला हे पटलं, आणि केवळ मायेपोटी नाही. २०२१ साली केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली. तिच्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. गुरुजींना ती नोंदणी नको आहे, कारण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली आणि डागडुजी-पेट्रोल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. पण उद्या नातवाला ती करावीशी वाटली, तर मूळ मीटर जागेवर असलेलं बरं. शिवाय हे मीटर मेलेलं नव्हतं, अडलेलं होतं. आणि अडलेलं यंत्र कुठे अडलंय ते सांगत असतं. ते नीट ऐकून घेतलं की निम्मं काम झालं.

आधी रस्त्यावर

मीटर उघडण्याआधी गाडी चालवून पाहायची, हा माझा नियम. या प्रकारच्या मीटरमध्ये एकाच केबलवर दोन वेगळी यंत्रं चालतात. किलोमीटरचे आकडे दात्यांनी फिरतात. केबल फिरली की तेही फिरणारच, त्यात कमीजास्त होत नाही. काट्याचं तसं नाही. केबलच्या टोकावर एक लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि दोघं एकमेकांना कुठेच टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. वाटीच्या दांडीवर काटा बसवलेला, आणि त्याच दांडीवरची हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग, तिला मागे खेचत राहते. ओढ वेगाच्या प्रमाणात, म्हणून काटाही वेगाच्या प्रमाणात. जर्मनीत ओटो शुल्झे यांनी १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या बहुतेक गाड्या याच तत्त्वावर वेग सांगत राहिल्या.

यातून पहिली परीक्षा आपोआप मिळते. आकडे बरोबर आणि काटा चूक असेल, तर चाक, त्याच्या हबमधला (मधल्या भागातला) केबल फिरवणारा मीटर गिअर आणि केबल निर्दोष. दोष चुंबकापासून काट्यापर्यंतच्या दोन बोटांच्या जागेत. दोन्ही एकाच प्रमाणात चूक असतील, तर मीटरला हात लावू नये. केबलचं चौकोनी टोक झिजून घसरतंय का, टायर वेगळ्या मापाचा आहे का, कुणी दुसऱ्या गाडीचा मीटर गिअर बसवलाय का, ते बघावं.

आर्वी-पुलगाव बाजूच्या सरळ पट्ट्यावर सकाळी निघालो. मी मागे बसलो, गुरुजी चालवत होते. किलोमीटरचे दगड रस्ता रुंद करताना हलवले जातात, म्हणून एका दगडावर विसंबायचं नाही. लांबचा पल्ला घ्यायचा आणि मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहायचं. दहा किलोमीटरला आकडे जवळजवळ तेवढेच सरकले. अंतर बरोबर.

मग वेग. गुरुजींना एकच विनंती केली, काट्याकडे न बघता एकसारखी चालवा. दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्यांनी भागायचं. ७२ सेकंद म्हणजे ताशी ५० किलोमीटर, ९० सेकंद म्हणजे ४०. गाडी पन्नासनं जात असताना काटा पस्तिसावर होता. आणि रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक आदळलं की तो एकदम सातआठ खुणा वर सरकायचा आणि तिथेच राहायचा. मला हवी असलेली खूण हीच. हादऱ्यानं जो काटा खऱ्या वेगाच्या जवळ जातो, तो ओढ कमी पडल्यामुळे मागे राहिलेला नसतो. त्याला कुठेतरी घर्षण धरून ठेवत असतं. चुंबक अशक्त झालेला असता तर खड्ड्यानं काहीच फरक पडला नसता.

परतीला अजून एक गोष्ट दिसली. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, तरी काटा सातावर लटकून. काचेवर नखानं टिचकी मारली, काटा शून्याच्या खिळ्यावर जाऊन बसला.

केबलबद्दल मिस्त्रीची समजूत अशी होती की केबल जड झाली की काटा कमी दाखवतो. हा समज सगळीकडे आहे आणि त्यापायी कितीतरी चांगल्या केबली फेकल्या जातात. केबल कितीही जड फिरली, तरी तिला चाकानं दिलेले फेरे पूर्ण करावेच लागतात. अडून-सुटून फिरली तर काटा थरथरतो, मागेपुढे नाचतो. सरासरी मात्र बरोबरच राहते. गुरुजींचा काटा नाचत नव्हता. तो शांतपणे चुकत होता.

हब आणि केबल

तरी खालून वर तपासणं सोडलं नाही, कारण काळ्या मातीतल्या गाडीचा पुढचा हब एकदा बघितलेला बरा. पावसाळ्यात आपल्याकडची माती चाकाला आणि मडगार्डला गाऱ्यासारखी धरते, आणि वाळली की मीटर गिअरच्या कडेनं आत शिरते. गिअर काढून धुतला. दाते शाबूत होते. चाक उचलून हातानं दहा फेरे दिले, केबलच्या मीटरमधून सोडवलेल्या वरच्या टोकावर चिकटपट्टीची शेपटी लावून तिचे फेरे मोजले : वीस. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला केबलचे दोन. टायर मूळच्याच मापाचा, ३.२५-१९. माणूस बसवून, टायरवर खडूची खूण करून, सिमेंटच्या ओट्यावर गाडी एक फेरा ढकलली तर खुणेपासून खुणेपर्यंत दोन मीटरच्या आसपास भरलं. किलोमीटरला चाकाचे साधारण ५०० फेरे, केबलचे १०००. हा हिशेब पुढे फार कामाला आला.

केबल ओढून काढली. खालची बाजू ठीक. वरच्या वीतभर भागात ग्रीसचा काळा लगदा, आणि तो मीटरच्या तोंडातही दिसत होता. केबलची आतली तार स्क्रूसारखी गुंडाळलेली असते, आणि फिरण्याची दिशा जुळली की ती ग्रीस हळूहळू वर चढवते. त्यात आपला मे महिना. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काळ्या रंगाची हेडलाइटची टोपी तापली की तिच्यात बसवलेल्या मीटरमध्ये ग्रीसचं तेल सुटून पाझरतं, हिवाळ्यात थिजतं आणि काही वर्षांत लाखेसारखं वाळतं. गुरुजींनी आपणहून सांगितलं की डिसेंबरच्या सकाळी काटा अगदीच उठत नाही, उन्हाळ्यात दुपारी थोडा बरा असतो. थिजलेलं तेल असंच वागतं.

केबलला ग्रीस लागतंच, पण पातळ थर आणि तोही खालच्या दोन तृतीयांशात. वरची वीतभर तार कोरडी पुसून घ्यायची. मिस्त्रीनं हे लगेच मान्य केलं आणि तार स्वतः पेट्रोलमध्ये धुऊन वाळवली. वळण बघितलं, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवूनही केबल कुठे चिमटत नव्हती. वरच्या नटाबाहेर तारेचं टोक साधारण एक सेंटिमीटर येत होतं, ते योग्य. जास्त लांब तार मीटरच्या दांडीला खालून रेटते आणि दांडी ज्यात फिरते ते बुश खाऊन टाकते, म्हणून नवी केबल टाकली की एवढं माप घ्यावंच.

कूलरच्या मोटरवर

आता मीटर टेबलावर आणि आम्ही आर्वीतल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. विहिरीच्या पंपांमुळे विदर्भात तालुक्याच्या प्रत्येक गावी असं दुकान सापडतं, आणि मीटर तपासायला याहून चांगली जागा नाही. चार पोलची मोटर पन्नास हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जराशी खाली फिरते. भार नसेल तर १४९० च्या आसपास. दुकानात मोठ्या कूलरची जुनी मोटर पडून होती. तिच्यावर लहान पुली, समोरच्या आडदांड्यावर दुप्पट मापाची पुली, मध्ये पट्टा. दांड्याच्या टोकाला जुन्या केबलचा तुकडा. दुकानदाराच्या टॅकोमीटरनं दांड्याचे फेरे बघितले : ७४५. किलोमीटरला १००० फेरे धरले तर हा ताशी ४४.७ किलोमीटर, म्हणजे डायलवर पंचेचाळिसाला किंचित कमी. केबल थेट मोटरला जोडली तर ८९.

एक काळजी इथे घ्यावी. आधी हातानं दांडी फिरवून काटा कोणत्या दिशेनं उठतो ते बघावं. उलट्या दिशेनं मोटर सोडली तर काटा शून्याच्या खिळ्यावर दाबला जातो आणि आकडे मागे फिरतात. मोटर उलटी असेल तर स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं बदलली की काम भागतं.

पहिल्यांदा आकडे तपासले. ७४५ फेऱ्यांवर साधारण ऐंशी सेकंदांत एक किलोमीटर पुढे गेला, म्हणजे मीटर खरंच १००० च्या हिशेबाचं आणि गाडीशी जुळणारं. मग काटा. थांबलेल्या स्थितीतून चालू केल्यावर तो तिसावर जाऊन थांबला. नंतर काट्याला जास्त वेगावर नेऊन त्याच ४४.७ वर परत आणलं, तर बावन्नावर अडकला. ८९ वर चढताना चौऱ्याहत्तर, उतरताना शहाण्णव.

हे चार आकडे मला फार आवडले. चढताना आणि उतरताना मधला फरक दोन्ही वेगांना सारखाच, बावीस. म्हणजे घर्षण एका ठरावीक जोराचं, काटा कुठेही असला तरी तेवढंच. आणि दोन्ही जोड्यांचा मध्य काढला तर एक्केचाळीस आणि पंच्याऐंशी. घर्षण काढून टाकल्यावर काटा कुठे बसेल ते मीटर न उघडता कळलं : दोन्ही ठिकाणी चारानं कमी. चूक वेगाबरोबर वाढत गेली असती, पंचेचाळिसाला चार आणि नव्वदाला आठ, तर चुंबक मंदावला किंवा हेअरस्प्रिंग बदलली असं म्हणावं लागलं असतं. सगळीकडे सारखीच चूक म्हणजे काटा दांडीवर चार खुणा मागे बसवलेला. हे मीटर पूर्वी कुणीतरी उघडलं होतं.

पुतण्याला हे सगळं बघून एक सोपी युक्ती सुचली. "काका, ती स्प्रिंग जरा ढिली केली तर काटा वर नाही का येत?" येतो. जगभर असंच करतात. पण मग चढताना बरोबर दिसतं आणि उतरताना आणखी जास्त, हिवाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरं. हेअरस्प्रिंग ही या यंत्रातली सगळ्यात प्रामाणिक वस्तू आहे. तिला वाकवून घर्षणाची भरपाई करणं म्हणजे जमिनीचा वाद मिटवायला सातबाराच खोडण्यासारखं.

उघडल्यावर

क्रोमची रिंग डब्याच्या कडेवर वळवलेली असते. पातळ पेचकसानं एकाच जागी जोर न लावता थोडं थोडं उचलत पूर्ण गोल फिरायचं, दोनतीन फेरे. घाई केली की पत्रा फाटतो. डायलची रिंग निघाली, काच निघाली, रबर चुरा होऊन हातात आला.

काटा काढण्याआधी तो शून्याच्या खिळ्यावरून अलगद उचलून पलीकडे सोडला. मोकळा सोडलेला काटा जिथे विसावतो, ते हेअरस्प्रिंगचं खरं शून्य. तो शून्याच्या चार खुणा खाली जाऊन थांबला, टिचकी मारल्यावर. दुकानातला हिशेब इथे पुन्हा जुळला. डायलवर कागदाची पट्टी ठेवून दोन चमच्यांच्या टोकांनी काटा दोन्हीकडून एकदम उचलला. डायलच्या छपाईला पेट्रोल, थिनर काहीही लागू द्यायचं नाही. अक्षरं पुसली गेली की परत येत नाहीत. आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो : साठच्या दशकापर्यंतच्या परदेशी मीटरचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रेडियमच्या रंगानं रंगवलेले असू शकतात. चमक विझली तरी किरणोत्सर्ग विझत नाही. तसं डायल खरवडू नये, फुंकर मारू नये, ते उघडूच नये. गुरुजींचं मीटर त्यानंतरचं आणि साध्या पांढऱ्या रंगाचं होतं.

डायलखाली अपेक्षित तेच दिसलं. वाटीच्या दांडीचं वरचं टोक ज्या बुशमध्ये फिरतं, तिथे मधासारख्या रंगाची, कडक झालेली तेलाची कडी. टाचणीनं टोचली तर कचकन तुटली. काट्याला उचलणारी ओढ इतकी नाजूक असते की या कडीपुढे ती अकरा खुणांचं अंतर हरत होती. खाली चुंबकाच्या कडेवर काळी लव उगवल्यासारखी दिसत होती. ती लोखंडाची बारीक भुकटी. ज्या बाकावर ग्राइंडर चालतो तिथे मीटर उघडलं की चुंबक ती ओढून घेतो, आणि भुकटी वाढली की वाटीला आतून घासते. फुंकून ती निघत नाही, कापडानं पुसली तर दुसरीकडे जाऊन बसते. काडीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळून, टोचून टोचून उचलावी लागते. पट्टी बदलत बसलो. गुरुजी भिंग धरून सांगत होते, "थे पाह्य, तिकडं अजून हाये."

बुश आणि दांडीची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं स्वच्छ केली. रॉकेल वापरायचं नाही, ते मागे तेलकट थर ठेवतं आणि काही महिन्यांत पुन्हा तीच गत होते. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल तर आत मुळीच मारायचं नाही. ते वाटी आणि चुंबकाच्या मधल्या फटीत बसलं की चिकटपणानं वाटीला ओढतं आणि काटा भलताच वर जातो. वाटीच्या टोकाला घड्याळाचं तेल, सुईच्या अग्रावर मावेल तेवढंच. चुंबकाच्या दांडीच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, कारण ती जोरानं फिरते आणि तिला तेल हवंच.

चुंबकावर एक पातळ धातूची पट्टी होती, ती जागेवर आहे ना ते मुद्दाम बघितलं. ॲल्युमिनियम तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला, तर या एकाच कारणानं काटा बारा टक्के कमी दाखवेल. म्हणून निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची ही पट्टी बसवतात. थंडीत ती चुंबकाचा काही जोर स्वतःकडे वळवून घेते आणि उष्णतेत सोडून देते, त्यामुळे काट्याला दोन्ही ऋतूंत सारखीच ओढ मिळते. काही दुरुस्तीवाले तिला गंजका तुकडा समजून काढून टाकतात. आपल्याकडच्या उन्हात तर तिच्यावाचून चालणारच नाही.

काटा बसवणं

डायल बसवलं, काटा हातात ठेवला आणि मीटर पुन्हा ७४५ फेऱ्यांवर लावलं. या वेगाला वाटी जिथे स्थिर होते तिथेच काटा पंचेचाळिसाच्या केसभर अलीकडे धरून दांडीवर हलकेच दाबला. मोटर बंद केली, काटा उचलून खिळ्याच्या योग्य बाजूला घेतला. पुन्हा चालू : पंचेचाळीस. चढताना तेच, उतरताना तेच. ८९ वर एकोणनव्वद-नव्वदच्या मधे. बंद केल्यावर काटा खिळ्यावर जाऊन टेकला, त्यासाठी टिचकी लागली नाही. हेअरस्प्रिंगला कुणीही हात लावला नव्हता.

काचेखाली नवं रबर, रिंगची कड चमच्याच्या पाठीनं दाबत दाबत पुन्हा वळवली. गाडीवर बसवून त्याच रस्त्यावर गेलो. ७२ सेकंदांच्या किलोमीटरला काटा पन्नासावर होता, खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा क्षणभर हलला आणि परत पन्नासावर आला. गुरुजी म्हणाले, "म्हंजे मी इतके वर्स चाळीस समजून पंचावन्ननं चालोत होतो काय?" हिशेब बरोबर होता.

पुढची व्यवस्था मिस्त्रीकडे. पावसाळा संपला की मीटर गिअर उघडून माती काढायची आणि ग्रीस बदलायचं. केबलची वरची वीत कोरडी ठेवायची. मीटरची दिवा बसवायची रबरी टोपी सैल झाली आहे, ती बदलायची, कारण धूळ तिथूनच आत जाते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एकदा दगड मोजून काटा पुन्हा तपासायचं ठरलंय. त्या मिश्रधातूच्या पट्टीची खरी परीक्षा त्याच वेळी होईल.